मथुराबाईच्या कणकेच्या गोळ्या

भिकन फौजेतून घरी आला तो तेवीस वर्षांचा, पण थकला असा की चार पायऱ्या चढायच्या तर भिंतीला हात लावायचा. पाच वर्षं सुरुंग लावणाऱ्या पलटणीत काढलेली. शेवटी निझामाच्या मुलखातली कारवाई आटोपली आणि सरकारने हातात कागद दिला, जा बाबा घरी. त्याच्या मोहल्ल्यातले, बुधवाऱ्यातले लोक विचारायचे, "भिकनभाऊ, किती उडवले?" अरे, हे काय विचारणं झालं! त्याला फक्त झोपायचं होतं, आणि झोप येत नव्हती.

मग एकोणपन्नास साली मासेखात्याने सुटून आलेल्या जवानांसाठी शिक्षण काढलं, आणि सहा जणांत भिकनचं नाव लागलं. जाळ्याची भोकं मोजायची, गाभोळी भरलेली मादी पोटावरून ओळखायची, नदीत सुरुंगाची कांडी फेकणाऱ्यांना धरायचं. लोक हसले, "काय फौजी, मासोळ्यांवर पहारा? पळून जातील काय त्या?" हसा बापहो. भिकनला काम आवडलं, कारण त्यात कुठे धमाका नव्हता. शिकवणारे दिगंबरराव शेवटी म्हणाले, "प्रत्येकाला नदीचा एक तुकडा. तापी चढेपर्यंत तिथली अंड्यावरची मासोळी सांभाळा. पाणी चढलं की ती वर जाऊन अंडी घालेल. जो सांभाळेल त्याला नोकरी. बाकीच्यांनी घरी जावं."

भिकनच्या वाट्याला राजघाट आला, आणि तिथे त्याची माय होती.

मथुराबाईची आधीची तीन लेकरं गेलेली. हा देवाजवळ भीक मागून मिळाला, म्हणून भिकन. तो फौजेत गेला त्या दिवशी तिने तापीला शब्द दिला, पोरगा परत येईपर्यंत तुझ्या मासोळ्यांना रोज कणकेच्या गोळ्या घालीन. रेशनचे दिवस! मिळेल तो मूठभर गहू नदीत, आणि हिच्या ताटात ज्वारीची भाकर, तीही कोरडी. पोरगा आला तरी हिचं चालूच. "काम झाल्यावर विसरली म्हणतील ना रे त्या," म्हणायची. सकाळी पायरीवर उभी राहून "या गं बायांनो, या" म्हटलं की मोठमोठ्या महाशीर मासोळ्या पायाशी यायच्या. एकीचा पर फाटलेला होता. तिला मथुराबाई म्हातारी म्हणायची.

आणि भिकनने काय करावं? दिगंबररावांना मोठ्या कौतुकाने घाटावर आणलं आणि मायला हाक मारायला लावली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण संध्याकाळी बुधवाऱ्यातल्या चहाच्या दुकानात, भरल्या बाकड्यांसमोर, "माझ्या घाटावर मासोळी हाताने उचलून घ्या," असंही बोलून गेला. जन्मात एकदा फुशारकी मारली, तीही तिथे!

तिसऱ्या दिवशी पहाटे तो घाट उतरत होता. पाण्याकाठी दोन माणसं कणीक टाकत होती. त्याने ओरडायला तोंड उघडलं आणि धमाका झाला. भिकन पायरीवर पालथा पडला, दोन्ही हात कानांवर. मनात काही ठरवलं नव्हतं, अंगानेच केलं. उठला तोवर माणसं गोणी भरून पसार झालेली, आणि पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. एक उचलून त्याने पोट दाबलं. गाभोळीच गाभोळी. तो तिथेच बसून रडला.

दिगंबरराव रागावले नाहीत. म्हणाले, "या मासोळ्यांची माणसाची भीतीच गेली आहे. पुन्हा एक कांडी पडली तर मला तुझं नाव काढावं लागेल. आणि नावाचं सोड, उरलेली मासोळीही जाईल."

"माय, गोळ्या बंद करून दे," भिकन घरी येऊन म्हणाला.

"त्यांनी तुला राखलं आन मी त्यांना उपाशी ठेवू? जीभ कशी रेटली रे तुझी?"

दुसऱ्या सकाळी तो तिच्या आधी घाटावर गेला. मासोळ्या वेळेवर आल्या, त्यांना काय ठाऊक! त्याने काठी आपटली, दगड मारले. त्या खाली जायच्या आणि पुन्हा वर यायच्या. तेवढ्यात मथुराबाई वाटी घेऊन आली.

"मेल्या! काय करून राहिला? त्यांना दगड मारतो?"

भिकनच्या हातातून दगड गळाला. "माय, मी थकलो गं. त्यांना माणसाचं भेव वाटलं पाहिजे, नाहीतर सगळ्या मरतील. माझं भेव त्यांना वाटत नाही. तुझ्या आवाजावर येतात त्या. तू मारलास तरच जातील."

मथुराबाईने वाटी खाली ठेवली, वाकून एक दगड उचलला आणि पाण्याकडे बघून रोजच्या आवाजात हाक मारली, "या गं बायांनो, या."

फाटक्या पराची म्हातारी सगळ्यांच्या पुढे आली. मथुराबाईने दगड मारला. मग दुसरा, मग तिसरा. पाणी ढवळलं आणि हळूहळू स्थिर झालं. तिने पुन्हा हाक मारली. कोणी आलं नाही. आणखी एकदा मारली. तरी नाही.

त्या दिवशी पाच-सहा वर्षांनी त्या घरात गव्हाची पोळी झाली. तिने ती भिकनच्या ताटात वाढली आणि स्वतः चुलीजवळ बसून राहिली.

"भिकन," ती म्हणाली, "म्हातारीला लागलं तर नसेल ना रे?"

पहिलाच दगड तिच्या पाठीवर बसताना भिकनने पाहिला होता.

"नाही माय," तो म्हणाला, आणि पोळीचा घास तोंडात घातला.