अकरा प्रश्नांचं पत्र

उत्तमकाका गेल्याचा फोन शकुंतलाकाकूंनीच केला. मी स्लाऊच्या लायब्ररीत कामावर नुकतीच पोहोचले होते, अंगावरचा कोटही काढला नव्हता. “मीना, काका गेले गं... आज सकाळी,” एवढंच त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. क्रिमेटोरियममध्ये बुद्धवंदना झाली, समाजातल्या लोकांनी भाषणं केली, आणि प्रत्येकानं काकांच्या चळवळीतल्या कामाबद्दल सांगितलं. ते सगळं खरंच आहे. पण मला माहीत असलेले काका त्या भाषणांत नव्हते, म्हणून हे लिहायला बसले.

नात्यानं ते माझे कोणी नव्हते. मी लग्न होऊन पुण्याहून इथं इंग्लंडला आले तेव्हा आमच्याच रस्त्यावर राहणारं हे नागपूरचं जोडपं. काका पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसात होते. रविवारी समाजाच्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान असे. समतेवर बोलायला लागले की मागच्या रांगेतली पोरंही गप्प होत. काकू तेव्हा आतल्या किचनमध्ये साठ माणसांचा चहा करत असायच्या. त्यांनी ते व्याख्यान कधी पुरतं ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या लायब्ररीला एका म्हाताऱ्या बाईंनी एक खोका दिला. त्यांचे आजोबा कॅनडाच्या सैन्यात कॅप्टन होते. एकोणिसाव्या शतकात तिकडं पश्चिमेला तिथल्या मूळ रहिवाशांनी उठाव केला, तो मोडायला त्यांची तुकडी पाठवली गेली, आणि तिथून त्यांनी घरी बायकोला लिहिलेली ही पत्रं. कागद वाचवायला पान आडवं भरलं की ते फिरवून त्याच्यावरच उभ्या ओळी लिहिलेल्या. कुणाला वाचता येईना. मला काका आठवले. तीस वर्षं लोकांची गिचमिड अक्षरं वाचून ती पत्रं योग्य थैलीत टाकणारा माणूस! त्या सुमारास काकू आजारी आईसाठी नागपूरला गेल्या होत्या आणि काका घरी एकटेच होते. शिफ्ट संपली की दुपारी ते लायब्ररीत येऊ लागले. भिंग घेऊन बसत आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात एकेक पत्र उतरवून काढत.

कॅप्टन बायकोला ‘ओल्ड गर्ल’ म्हणायचा. काकांना ते विचित्र वाटलं. “अरे, बाई तिशीतली आहे आणि हा म्हातारी म्हणतो!” मग एक दिवस स्वतःशीच हसून म्हणाले, “लाडानं म्हणतो वाटते.” ओले मोजे, गोठलेली शाई, धाकट्याचं पहिलं पाऊल, बायकोची दाढ... कॅप्टन सगळं लिहायचा, सगळं विचारायचा. पण एका पत्रात काका थांबले. त्यात एका वस्तीवर चालून गेल्याची हकीकत होती, आणि त्या लोकांबद्दल असे शब्द होते की ते काकांनी मोठ्यानं वाचले नाहीत, नुसतं बोट ठेवून मला दाखवले. “यांच्या जमिनी गेल्या म्हणून ते उठले ना? आणि हा त्यांच्यावर बंदुका चालवून आला, अन् खालच्याच ओळीत बायकोला विचारतो, दाढ कशी आहे. मी कशाला याचं प्रेम उतरवून काढू, मीना?”

दोन आठवडे ते आले नाहीत. मी निरोप पाठवला नाही. मग आले, कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, “उतरवतो. पण सगळं. एक ओळ गाळायची नाही, ना गोड, ना कडू. वाचणाऱ्यानं पूर्ण माणूस पाहावा.”

तेवढ्यात नागपूरला काकूंची आई वारली. काकू परत येतील असं आम्ही धरून चाललो होतो. महिना गेला, दुसरा गेला. तिथं वस्तीतल्या बायकांना त्या लिहायला-वाचायला शिकवू लागल्या होत्या. फोनवर त्यांनी काकांना सांगितलं, “मी इथं बरी आहे. तिकडं मला काय काम आहे, तुम्हीच सांगा.” हे मला त्यांनी फार उशिरा, एका दुपारी सांगितलं. समोर कॅप्टनचं पत्र उघडं होतं. “या एका पत्रात अकरा प्रश्न आहेत. मोजले मी. मी बत्तीस वर्षांत शकूला किती विचारले असतील? ‘चहा झाला का’ धरून?” खिडकीबाहेर पार्किंगमध्ये कोणी तरी गाडी मागे घेत होतं, ते आम्ही दोघंही बघत राहिलो. “त्याला बाहेरचा माणूस माणूस वाटला नाही,” काका म्हणाले, “आणि मला घरातला.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एकच विचारलं, “बायकोला पत्र लिहिताना सुरुवातीला काय लिहितात?”

काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही. उत्तर मात्र तीन आठवड्यांनी खिशातून काढून माझ्यापुढे धरलं. काकूंनी लिहिलं होतं : ‘पत्र मिळाले. गुडघा दुखतो. वर्गाला चौदा बाया येतात. तुम्हाला हे विचारायला कोणी शिकवले?’ काकांचे कान लाल झाले होते. वर्षभर पत्रं येत-जात राहिली. काकू आल्या त्या पुढच्या उन्हाळ्यात, आणि येण्याआधी त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलं होतं की रविवारचा चहा आता आळीपाळीनं. पहिल्याच रविवारी काका बाह्या सरसावून किचनमध्ये गेले. हॉलमध्ये काकू उभ्या राहिल्या. नागपूरच्या त्या बायांबद्दल त्या वीस मिनिटं बोलल्या. काका गाळणी हातात घेऊन दारात उभे. चहा उतू गेला, तो कुणीच पुसला नाही.

गेल्या शनिवारी मी काकूंकडे गेले होते. त्यांनी फडताळातून बिस्किटांचा एक डबा काढला. परत एकत्र राहायला लागल्यावर पत्रांची गरज उरली नव्हती, पण काका पहाटे कामाला निघताना किटलीखाली चिठ्ठी ठेवून जात. रिटायर झाले तरी ती सवय सुटली नाही, नुसतं कोपऱ्यावर जायचं असलं तरी चिठ्ठी. डबा भरला होता. सगळ्यात वरची त्या सकाळची. पेपर आणायला गेले आणि दुकानाच्या दारातच कोसळले, त्या सकाळची. ‘शकू, दहा मिनिटांत येतो. रात्री खोकत होतीस. आता कसं वाटते?’

काकूंनी ती माझ्या हातातून घेतली, घडी सरळ केली.

“बरं वाटते आता,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.