नाइगागाबाई न्हाई म्हनत न्हाईत

"कागोया, खरं सांग. कुनी धाडलं तुला हिकडं?"

"तेन्यवा सरांनीच, बाई. म्हनले, तुजी पोरगी आमच्यात पास व्हायची न्हाई. नाइगागाबाईंकडं जा, त्या कुनाला न्हाई म्हनत न्हाईत."

हेडबाईंच्या हातातलं उकडलेलं रताळं तसंच राहिलं. कागोयाच्या मागं आंब्याखाली आणखी पाचसहा आया, आपापली सातवीतली पोरं घेऊन उभ्या. सगळी पलीकडच्या टेकडीवरच्या, तेन्यवाच्या शाळेतली.

आमच्या बुसोगा मुलखात ही चाल जुनी. सातवीच्या सरकारी परीक्षेची नोंदणी आली की हुशार पोरं ठेवायची, कच्ची दुसऱ्या शाळेच्या गळ्यात मारायची. निकाल लखलखतो. अशा पोरांना आम्ही मास्तरलोक 'ओझं' म्हणतो. पोरंही ऐकतात. गेल्या साली हेडमास्तरांच्या बैठकीत बाई उठल्या, म्हणाल्या, हे बंद करू, एकही पोर घालवायचं नाही. सगळे खाली बघत बसले. हात वर केला तो एकट्या तेन्यवानं. दोघं एका बाकावर बसून मास्तरकी शिकलेली. बाईंचा नवरा गेला तेव्हा कबरीला पहिली कुदळ त्यानंच मारली होती.

नोंदणी उद्या संपणार. पोरं घेतली नाहीत तर ती परीक्षेला मुकणार. घेतली तर निकाल घसरणार, आणि निकाल घसरला की हेडबाईची बदली लांब, मोठ्या तळ्यातल्या बेटावर, हे ठरलेलं.

बाईंनी तिथंच फोन लावला.

"तेन्यवा, हात वर केलावतास तू."

"केला की. पर बाकी समदी कच्ची पोरं काडत्यात, म्या एकट्यानं काय करू? आनि रस्त्यावर न्हाई सोडली, तुज्याकडंच धाडली. तू घेनार ठावं हुतं मला."

"त्येच तर. दुसऱ्या कुनी केलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या."

त्यांनी फोन बंद केला. मी त्यांचा दुय्यम मास्तर, काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "बाई, बेटावर मच्छर लई हायत."

"मच्छरदानी न्हेईन की." मग कागोयाच्या पोरीला विचारलं, "कच्चं कशात हाय गं तुजं?"

"अपूर्णांकात," पोरगी जमिनीला म्हणाली. "म्या ओझं हाय, बाई."

"कुनाचं?"

बाई माझ्याकडं वळल्या.

"मास्तर, बाक सरकवा. ही म्होरं बसत्याल."

वर्गात जाऊन बाईंनी फळा पुसला आणि अपूर्णांक पहिल्यापासून काढले. आमची जुनी पोरं कुरकुरली. टेबलावर फोन वाजत होता, तेन्यवाचाच. बाई अर्धा आणि पाव लिहीत होत्या.