गोरमाटीतलं चालत नाही

मानोरा तालुक्याच्या आतल्या बाजूला, डांबरी रस्ता संपतो तिथून पुढच्या एका बंजारा तांड्यावर मी अंगणवाडी चालवते. माहेर किन्हीराजाचं, शेतकरी घर. गळा बरा आहे असं लहानपणापासून ऐकत आले, त्यामुळे लेकरांना गाणी शिकवायचं काम मला कधी जड गेलं नाही. उलट त्याचा मला तोराच होता.

तीन वर्षांच्या आतली लेकरं अंगणवाडीत बसत नाहीत, त्यांच्या घरी जावं लागतं. आईला करून दाखवायचं, की लेकराला समोर घे, गाणं म्हण, टाळ्या वाजव, त्याचे हातपाय हलव, घरातलाच डबा नाहीतर चमचा त्याच्या हातात दे. मग त्याचा व्हिडिओ काढून आमच्या ग्रुपवर टाकायचा. दर महिन्याला एक गाणं ठरवून दिलेलं असायचं.

एका वर्षी दसरा झाला होता आणि तांड्यावरची बरीच घरं ऊसतोडीला निघायच्या तयारीत होती. मी एका घरी गेले. आई विशीतली, लाजरी. तिची मुलगी दीड वर्षाची, बाजेला धरून उभी राहायची पण हात सोडत नव्हती. मी आधी सहज विचारलं, "तू काय म्हनतं हिच्यासाठी?"

ती नाही नाही म्हणाली. मग आतून जेवायची थाळी आणली, चमच्यानं तिच्या काठावर ठेका धरला आणि गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, गाऊ लागली. मला त्यातलं फारसं समजलं नाही. दोन ओळी झाल्या आणि बाजेला धरलेली ती पोरगी गुडघ्यात वाकून वर-खाली व्हायला लागली. आईनं थाळी खाली ठेवली, पोरीची पावलं आपल्या पावलांवर घेतली, तिचे दोन्ही हात धरले आणि वाकत, गोल फिरत, गातच राहिली. पोरगी हसून हसून लाल झाली होती. आई थांबली तरी ती थांबेना, पाय आपटून आणखी मागत होती.

जे मी शिकवायला गेले होते ते सगळं तिथं आधीच चाललेलं होतं. मी फोनमध्ये ते टिपलंही. मग माझ्या मनात आलं, हे ग्रुपवर कोणाला समजणार? या महिन्याचं गाणं तर वेगळंच आहे.

मी म्हणाले, "हे नाही चालत. गोरमाटीतलं चालत नाही. मराठीतलं म्हन. पोरीले शाळेत जायचं हाय ना पुढं? आतापासून हेच कानावर पडलं तर मागं राहीन ते."

हे मी ओरडून बोलले नाही. हसत, समजुतीच्या सुरात बोलले. आज आठवलं की तो सूरच जास्त लागतो.

तिनं मान डोलावली. माझं गाणं तिनं माझ्यामागून म्हटलं, शब्द चुकत होते. तीनदा घेतलं, तिसऱ्या वेळी पोरगी रडली. चौथ्या वेळी मी पोरीच्या हातात बिस्कीट दिलं आणि ती गप्प उभी असताना आईनं टाळ्या वाजवत गाणं पुरं केलं. तो व्हिडिओ गेला. ग्रुपवर कौतुक झालं, पर्यवेक्षिकांनी बाकीच्यांना माझं उदाहरण दिलं. पहिला व्हिडिओ मी पुसून टाकला, फोनमध्ये जागा नव्हती म्हणून.

चार दिवसांनी ते कुटुंब गेलं. ट्रकमध्ये सामान चढवताना ती मला दिसली. लांबूनच म्हणाली, "मॅडम, तुमचं गानं रोज म्हनतो." मला फार बरं वाटलं होतं.

उन्हाळ्यात तांडा परत भरला. लेकरांची वजनं घ्यायला मी घरोघरी निघाले. त्या घराजवळ आले तर आतून थाळीचा ठेका आणि तेच गाणं ऐकू आलं. दारात ती पोरगी बसलेली, आता चांगली चालणारी, दोन वर्षांची. आत तिची आई जावेच्या तान्ह्या मुलाला मांडीवर नाचवत गात होती. मला पाहताच तिनं थाळी बाजूला सारली.

"काहून थांबली? म्हन की," मी म्हणाले.

"हे याच्यासाठी म्हनून राह्यली होती, मॅडम. हिच्यासाठी नाही म्हनत." मग पोरीला म्हणाली, "मॅडमले गानं म्हनून दाखव."

पोरगी उठली. हात मांडीला चिकटवून सरळ उभी राहिली आणि माझं गाणं बोबडं म्हणू लागली. शब्द जवळजवळ सगळे बरोबर. अंग मात्र कुठंच हलत नव्हतं. संपल्यावर ती आईकडं बघत राहिली, झालं का म्हणून.

"हिच्यासाठी काहून नाही म्हनत?" मी विचारलं, पण उत्तर मला माहीत होतं.

"तुमीच तं म्हनल्या. मागं राहीन म्हने." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तिकडं उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत झोपवतानी पन तुमचंच म्हटलं. सुरुवातीले लय रडे, थाळी मांगे. मी देल्ली नाही. मंग इसरली."

सहा महिने त्या बाईनं दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून, आपल्या लेकरासमोर आपलं गाणं गिळलं होतं. मी सांगितलं म्हणून. जावेच्या मुलाला मात्र ते चालत होतं, कारण त्याच्या भविष्याबद्दल मी अजून काही बोलले नव्हते.

मी खाली बसले. म्हणाले, "माहं चुकलं. मी तसं म्हनायले नव्हतं पाहिजे. तुहं गानं चांगलं हाय. हिच्यासाठी म्हनत जा."

ती माझ्याकडं संशयानं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आता वरून तसा नियम आला का, मॅडम?"

नाही, नियम नाही आला आणि पहिलाही नव्हता, तो माझाच होता, एवढं सांगायचं होतं. पण जाऊ दारात आली होती, शेजारच्या दोघी डोकावत होत्या. माझं चुकलं हे शब्द तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. मॅडम चुकते आणि तसं सांगते, हे तिला खरं वाटत नव्हतं.

मी म्हणाले, "हो. आला नियम. घरच्या भाषेत म्हनायचं."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिनं थाळी जवळ ओढली आणि पोरीला बोलावलं. पोरगी जागची हलेना. आधी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. मी वजनकाटा उचलला आणि पुढच्या घरी गेले, मी तिथं असताना ती नाचणार नव्हती.

नंतर ती नाचू लागली, हे मला जावेकडून कळलं. पंधरा-वीस दिवस लागले म्हणे. तांड्यावर सगळीकडं झालं की आपलं गाणं म्हणायचा नियम आला आहे. बायका मला थाळ्या वाजवून दाखवतात आणि मी ते व्हिडिओ पाठवते. एकदा पर्यवेक्षिकांनी विचारलं, या महिन्याचं गाणं कुठं आहे? मी म्हणाले, इथं हेच गाणं आहे. त्यांनी ते मान्य केलं. इतकं सोपं होतं ते.

मुलगी यंदा अंगणवाडीत येते. मधल्या सुट्टीत नाचते, पण मी वर्गात आले की हात मांडीला लागतात. आई अधूनमधून विचारते, "मॅडम, तो नियम हाय ना अजून?" मी हो म्हणते. मागच्या महिन्यात खरं सांगायचं ठरवून मुद्दाम तिच्या घरी गेले होते. तिनं चहा टाकला, साखर जास्त घातली, तूर कशी आली ते सांगितलं. मी चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि परत आले.