स्थिर आहे, पण

दादा आखाती देशात क्रेन चालवायचा. एके दिवशी तो वरून पडला आणि बेशुद्ध झाला. तिथल्या दवाखान्यातली एक नर्स रोज सकाळी माझ्या मोबाईलवर इंग्रजीत दोन ओळी पाठवायची. राळेगावच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, म्हणून त्या वाचून आईला सांगायचं काम माझंच.

सुरुवातीला ती लिहायची, शुद्ध आली नाही, बट प्रकृती स्थिर आहे. आई विचारायची, "म्हंजे बरा होऊन राह्यला ना?" मी हो म्हणायची.

मग एका सकाळी वाक्य उलटलं. स्थिर आहे, बट शुद्ध आली नाही. शब्द तेच, पण ओळ आता वाईटावर संपत होती. आईला मी कालच्यासारखंच सांगितलं.

पुढे बटऐवजी ऑल्दो, म्हणजे 'जरी', यायला लागलं. वर्गात मी शिकवते, ऑल्दोला लागून येतं ते हलकं, उरतं ते जड. आता रोज मी आधी तेच बघायची, दादाचा श्वास कुठल्या बाजूला लिहिलाय.

शेवटी डॉक्टरांनीच लिहिलं. सुधारणेची आशा नाही, श्वासाचं मशीन काढायचं का ते कळवा. आई म्हणाली, "त्याइले लिही, आशा नसली तरी मशीन काढू नका."

स्टाफरूममध्ये बसून मी ऑल्दोने सुरुवात केली आणि पुढे बटही लिहिलं. आपल्याला जरी आणि तरी दोन्ही लागतात, इंग्रजीत एकच चालतं. पोरांच्या वहीत मी या चुकीखाली लाल रेघ मारते. बट खोडलं, तर आमची विनवणी लुळी वाटायला लागली. ऑल्दो खोडलं, तर वाक्य 'आशा नाही' इथूनच सुरू होत होतं, ते माझ्या हातून लिहवेना. 'असूनही'साठी डिस्पाइट घालून पाहिलं, तर ते सरकारी अर्जासारखं झालं. तासाची घंटा वाजली. मी दोन्ही शब्द ठेवले आणि चुकीचं वाक्य तसंच पाठवून दिलं.

त्यांनी मशीन ठेवलं. दादा मात्र त्याच आठवड्यात गेला.

निरोप आला तेव्हा आई अंगणात सोयाबीन वाळत घालत होती. मी फोन घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "नोको वाचू." आणि खाली बसून कितीतरी वेळ दाणे पसरत राहिली.