दीड वर्षाचं सोंग

सातपूरच्या एका शाळेत मी शिकवत होते. गृहपाठ झाला नाही की पोरांची पोटं दुखायची, डोकी दुखायची. सोंग ओळखण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नाही, असं सगळी शाळा म्हणे आणि मला ते फार आवडे.

माझी मुलगी नववीत असताना तिची डावी नडगी दुखू लागली. संध्याकाळी अभ्यासाला बसली की हमखास. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. पण ॲस्पिरिनची एक गोळी घेतली की अर्ध्या तासात बाईसाहेब ठणठणीत. खरं दुखणं डोकेदुखीच्या गोळीनं जातं होय? मला पुरावाच मिळाला. मी गोळ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "नाटकं बंद कर," म्हणाले. ती उशीत तोंड खुपसून रडायची आणि मी शेजारी वह्या तपासत बसायचे. दीड वर्ष हे चाललं.

ती लंगडू लागली तेव्हा कुठे तिला नाशिकमधल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिलाच विचारलं, "ॲस्पिरिननं थांबतं का गं?" तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान डोलावली. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "मग हीच तर खूण. हाडात बारीकशी गाठ असणार." ज्या गोळीवरून मी तिला खोटं ठरवलं होतं, तीच गोळी! मला तिथून उठून जावंसं वाटलं. सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली, हरभऱ्याच्या दाण्याहून लहान. कॅन्सर नव्हता. हाडाला छोटी खिडकी पाडून त्यांनी ती काढली, तपासणीतही साधीच निघाली. ते जुनं दुखणं त्याच दिवशी गेलं.

राहिली होती टाक्यांची कळ. नर्स इंजेक्शन घेऊन आली. "दुखतंय ना?" पोरीचे ओठ पांढरे पडले होते. माझ्याकडे बघत ती म्हणाली, "नाही. अजिबात नाही." तेव्हा मी तिची माफी मागायला हवी होती. नाही मागितली. बाईंना चुकलं म्हणायची सवय नसते.

पुढे लग्न होऊन ती मालेगावला गेली. एकदा जावयांचा दवाखान्यातून फोन आला. अपेंडिक्स फुटलं होतं, ऑपरेशन झालं, थोडक्यात वाचली. "तीन दिवस पोट दुखत होतं आई, हिनं अवाक्षर काढलं नाही. असं का करते ही?"

"लहानपणापासून सोशिकच आहे ती," मी म्हणाले.