नळ धुतला का?

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावर कॉफीचं टेबल चालवतात. मी त्याच इमारतीत आवक-जावकला बसते. सतरा वर्षं त्यांची कॉफी पितेय, तेव्हा त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचा मला हक्क आहे.

भाऊजींनी ओतायचं आणि ताईने धुवायचं, अशी त्या दोघांची वाटणी. वीस लिटरचं स्टीलचं पिंप, खाली नळ, आणि कॉफी किती उरली ते दाखवणारी उभी काचेची नळी. पिंप काय, कोणीही घासेल. खरी मेख नळाच्या वळणात आणि त्या नळीत. तिथे कॉफीचा तेलकट थर बसतो, आणि तो काढला नाही तर ताज्या कॉफीलाही शिळा वास मारतो. ताई रोज संध्याकाळी नळ खोलायची, वायसर काढायची, सगळं सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायची आणि बारक्या ब्रशने आतून घासायची. ब्रश भाचीच्या दुधाच्या बाटलीचा. भाची लग्न होऊन परदेशी गेली, ब्रश इथेच राहिला.

मग भाचीला मुलगा झाला आणि ताई सहा महिन्यांसाठी तिकडे गेली. त्या सहा महिन्यांना आता अडीच वर्षं झाली. तिच्या चपला अजून दाराशी आहेत, आणि त्यांवर धूळ कशी नाही, हे मी भाऊजींना विचारत नाही. माणूस झुरतोय हे आंधळ्यालाही दिसेल. पण 'ये' म्हणून एकदा तोंड उघडेल तर शपथ.

वर्षभरात कॉफी बिघडत गेली. पिंप लख्ख आणि नळी मात्र तपकिरी. हटकलं की म्हणायचे, "माझी बोटं जाडी. आत जात नाहीत. तुझी ताई आली की करेल."

"ब्रश बोटांनाच बांधायचाय का?" मी विचारलं, तर फडका घेऊन पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला लागले.

शेवटी आमचे साहेबच म्हणाले, "काका, कॉफीला वास येतो. सुधारा, नाहीतर पुढच्या महिन्यात बटणाचं मशिन आणतो."

त्या शनिवारी मी तणतणत खाली गेले. नेमका नळ ठिबकत होता. भाऊजींनी पाठमोऱ्यानेच तोटी फिरवली, वायसर काढला, उलटा करून बसवला. मिनिटभरात काम फत्ते. मग वळले, तर समोर मी.

"म्हणजे येतं तुम्हाला!"

"लग्नाआधीपासून येतं."

"मग हे सोंग कशाला?"

ते स्टुलावर बसले. "रविवारी तिचा फोन येतो. जेवलात का, नातू कसा आहे, पाच मिनिटांत संपतं. मग विचारते, नळ धुतला का? मी म्हणतो, जमत नाही. मग रागावते, सगळं पहिल्यापासून समजावते. वीस मिनिटं जातात. शेवटी म्हणते, माझ्याशिवाय तुमचं पान हलत नाही, मला यायलाच हवं." फडका पिळत म्हणाले, "नळ धुतला तर ती कशाला येईल?"

माझं तोंड कधी बंद होत नाही, पण तेव्हा मी एवढंच म्हटलं, "मशिन आलं तर ती यायची कुठल्या टेबलावर?"

त्यांनी मुकाट्याने सोडा काढला. नळातून पहिलं पाणी काढ्यासारखं काळं आलं. नळीला तीन पाणी लागली. संध्याकाळपर्यंत तिच्यातून पलीकडची खिडकी दिसायला लागली.

रविवारी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. कमी ऐकू येतं म्हणून ते फोन मोठ्या आवाजात लावतात. जेवण झालं, नातू झाला.

"नळ धुतला का?" ताईने विचारलं.

"धुतला."

"आतून?"

"आतून. नळीसुद्धा. आरपार दिसतं."

पलीकडे नुसताच नातवाचा आवाज येत राहिला. मग ताई बारीक आवाजात म्हणाली, "बरं झालं. आता जमतंय म्हणजे तुम्हाला."

"जमतं. पहिल्यापासून जमत होतं." भाऊजी हातातला ब्रश उगाच फिरवत होते. "आता तुझ्यासाठी इथे काहीच काम उरलेलं नाही."

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"तरी ये," भाऊजी म्हणाले.