चार गाड्या आणि वहिनी

आमच्या कळंब्याच्या गल्लीत एक निवृत्त जनरल राहतात. सैन्याला धान्य, डिझेल, बूट वेळेवर पोचवण्यातच त्यांची सगळी नोकरी झाली. अजून भाजी आणायला निघाले तरी आधी कागदावर रस्ता आखतात.

गल्लीची पन्हाळ्याची सहल त्यांनीच हातात घेतली. चार गाड्या, दोरखंड, जादा चाकं, वर एक स्ट्रेचर. वाटेत वाघबीळला थांबवून त्यांनी सामान मोजलं. एक चमचा इकडचा तिकडं नव्हता.

मी विचारलं, "साहेब, वहिनी कुठल्या गाडीत हायती?"

साहेबांनी यादी दोनदा वाचली. यादीत त्यांची स्वतःची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, नव्हत्याच. डबे भरून त्या चप्पल घालेपर्यंत आम्ही निघून आलो होतो.

"मी जाऊन आणतो की," मी म्हणालो.

"ताफा फुटत न्हाय," ते म्हणाले. चारही गाड्या मागं वळल्या.

घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, वहिनी रागानं उचगावला बहिणीकडं गेल्या होत्या. मग ताफा उचगावला.

वहिनी दारात आल्या. "एका बायकोला न्यायला चार गाड्या व्हय? सकाळी एक बास झाली असती!"

सहलीचं जेवण बहिणीच्या अंगणातच झालं. ताटं यादीप्रमाणं आणलेली, त्यामुळं एक कमी पडलं. साहेबांनी आपलं ताट वहिनींना दिलं. बहिणीनं घरातलं ताट आणलं, तर म्हणाले, "नको. मोजणी माझी चुकलीय." सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ते भुकेले उभे राहिले.

शेवटी वहिनींनी आपलं ताट धुऊन त्यांच्यापुढं ठेवलं आणि भाकरी वाढत राहिल्या. किती वाढल्या, ते साहेबांनीही मोजलं नाही.